फायबरच्या बोटीचं पोट न फाडता कसं तपासायचं

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि वर्सोवा, मढ, वरळीच्या किनाऱ्यांवर बोटी वर ओढून शाकारल्या जातात. फायबरच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर रेझिनने चिकटवून केलेल्या बोटीचं बूड नीट बघायला मिळतं ते याच दिवसांत. पण तपासणीला कोरडा पृष्ठभाग आणि शांतता लागते, आणि मुंबईच्या जुलैत या दोन्ही गोष्टी दुर्मीळ. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे बोट १ तारखेला वर आली तर हातात साधारण दहा दिवस असतात. ओलाव्याचं मीटर आणि थर्मल कॅमेरा यांची कामं त्या दहा दिवसांत उरकून घ्या. ठोकून बघणं, जाडी मोजणं, कडकपणा बघणं ही कामं ताडपत्रीखाली पुढेही होतात.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. यातलं एकही उपकरण ‘बोट चांगली’ किंवा ‘बोट खराब’ असं सांगत नाही. ते फक्त दोन जागांमधला फरक दाखवतं. त्यामुळे प्रत्येक बोटीवर आधी एक खात्रीची जागा ठरवायची. ती पाणरेषेच्या बरीच वर, दुरुस्ती न झालेली आणि मागे टाकी, फोम किंवा बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) नसलेली असावी. साधारण ३०० × ३०० मिमी पुरे. जाडीचा मात्र अपवाद आहे. बूड बाजूंपेक्षा जाड घातलेलं असतं, म्हणून जाडीची तुलना मूळ थरांच्या यादीशी करायची.

आधी नकाशा, मग हातोडी

बोट गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतला ओलावा खेचतं, त्यामुळे खारवलेलं बूड वरून कोरडं दिसलं तरी मीटरवर ओलंच येतं. शिंपले आणि शेवाळ खरवडताना धारदार लोखंडी पट्टी वापरू नका, जेलकोटवर (फायबरवरच्या बाहेरच्या चकचकीत थरावर) पडलेले ओरखडे नंतर तडे म्हणून नोंदले जातात.

आतून फ्रेम (बोटीच्या फासळ्या) मोजा, ट्रान्समपासून (मागच्या सपाट भिंतीपासून) नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) आकडे द्या आणि तेच आकडे बाहेरून मास्किंग टेपवर लिहा. बल्कहेड, इंजिन बेड, इंधनाची टाकी, फोम भरलेले कप्पे कुठे आहेत तेही बाहेरून आखून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की चांगल्या जागा खराब ठरतात, कारण मागे काहीतरी चिकटलेलं असलं की आवाज बदलतो आणि मीटरही बदलतं. आखणीला मेणाचा खडू चालणार नाही. मेण जेलकोटच्या बारीक छिद्रांत राहतं आणि पुढे दुरुस्तीचं रेझिन तिथे धरत नाही. पेन्सिल आणि टेप सर्वांत बरे.

मग नुसत्या डोळ्यांनी बघा, पण टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून. समोरून उजेड टाकला की फोड दिसत नाहीत, आडव्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. तड्यांची दिशा टिपा. कोळी किड्याच्या जाळ्यासारखे एका बिंदूतून फाकलेले तडे म्हणजे बाहेरून किंवा आतून बसलेला दणका. एकमेकांना समांतर रेषा म्हणजे तो पत्रा (तिथला फायबरचा सपाट भाग) वाकतोय. बल्कहेडच्या कडेने सरळ जाणारी एकच रेघ म्हणजे तिथे ताण एकवटलाय. अशा रेघेच्या आतल्या बाजूला टेपिंगचा (बल्कहेड फायबरच्या पट्ट्यांनी धरणारा) जोड सुटलाय का ते लगेच बघा.

ठोकून बघणं

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तीच ही युक्ती, फक्त शिस्तीने करायची. ५० ते १०० ग्रॅमची, गोल डोक्याची प्लॅस्टिक किंवा पितळी हातोडी घ्या. पाच-सहा मिमीपर्यंतच्या डेकवर पाच रुपयांचं नाणंही चालतं. नेहमीची लोखंडी हातोडी नको, ती जेलकोटला चंद्रकोरीसारखे तडे पाडते.

मनगट सैल ठेवा आणि हातोडी दोन इंचांवरून स्वतःच्या वजनाने पडू द्या. जोर लावलात तर प्रत्येक ठोक्याचा आवाज वेगळा येईल आणि तुलनाच संपेल. आधी खात्रीच्या जागी वीसेक ठोके मारून कान तयार करा. नंतर १०० मिमीच्या चौकटीने पुढे सरका. आवाज बदलला की चौकट २५ मिमीची करा आणि बदल नेमका कुठून सुरू होतो तिथपर्यंत चारही बाजूंनी जाऊन पेन्सिलने कड आखा.

घट्ट फायबर ‘टक्’ असं कोरडं, उंच वाजतं आणि हातोडी हातात उसळते. थर सुटलेल्या जागी ‘थप्’ असा बसका आवाज येतो आणि उसळी मरते. बऱ्याचदा कानाआधी हाताला कळतं, म्हणून जाड हातमोजे घालू नका. पुटी भरलेली जुनी दुरुस्ती ‘थप्’ वाजते पण तिची कड सरळ किंवा गोल, माणसाने कापल्यासारखी असते. सुटलेल्या थराची कड वेडीवाकडी येते. मागे फोम असेल तिथे संपूर्ण कप्पाच सारखा बसका वाजतो, तो दोष नव्हे.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. साधारण ६ मिमीपेक्षा खोल सुटलेला थर बाहेरून वाजत नाही. मोठ्या बोटींच्या तळाची जाडी १० ते १५ मिमी असते, तिथे बाहेरून आणि आतून दोन्हीकडून ठोकायचं. थरांच्या मध्ये पाणी भरलं असेल तर पोकळ आवाज दबतो आणि जागा बरी वाटते. वेळही महत्त्वाची. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्याजवळ बर्फाच्या गाड्या आणि डिझेल इंजिनं चालू असताना हे काम होणार नाही. ताडपत्रीवर पाऊस वाजत असतानाही नाही. पहाटे या, आणि एका माणसाने सलग पाऊण तासापेक्षा जास्त ठोकू नये, त्यानंतर कान सगळंच सारखं ऐकतो.

जास्त वेळ कुठे द्यायचा? कीलच्या (बुडाच्या मधल्या कण्याच्या) दोन्ही बाजूंचा हातभर पट्टा, चाइनची (बूड आणि बाजू मिळतात ती) कड, इंजिन बेडखालचा भाग, शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) नळीभोवतीची जागा, ट्रॉलिंगच्या (जाळं उघडं धरणाऱ्या) फळ्या जिथे बाजूला आपटतात तो पट्टा, आणि वाळूवर ओढताना बोट ज्या ठिकाणी टेकते ती जागा.

लाकडी बोटीवर फायबरचं अस्तर चढवलेलं असेल तर हीच पद्धत मुख्य ठरते. लाकूड फुगतं-आकसतं, फायबर तसं करत नाही, म्हणून जोड सुटतो आणि आत अडकलेलं पाणी लाकूड कुजवतं. अस्तराचा आवाज फळीच्या सांध्याने सांध्याने बदलत असेल तर ते साहजिक. एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत सलग पोकळ वाजत असेल तर अस्तर सुटलंय. खिळ्याच्या ओळीतून गंजाचा तपकिरी ओघळ बाहेर आला असेल तर ठोकण्याआधीच खूण करा. अशा बोटीवर ओलाव्याच्या मीटरचा आकडा फारसा कामाचा नाही, मागचं लाकूड तो नेहमीच वर नेतं.

ओलाव्याचं मीटर

पिना नसलेलं, पॅड टेकवायचं मीटर घ्या. ते विजेच्या क्षेत्रातला बदल बघतं, पाणी मोजत नाही. त्यामुळे लाकडासाठी आखलेली टक्क्यांची पट्टी फायबरवर निरर्थक आहे. ‘बुडात १८ टक्के पाणी आहे’ असं कुणी लिहून दिलं तर तो अहवाल बाजूला ठेवा. ० ते १०० च्या सापेक्ष पट्टीवर वाचा आणि शेजारी खात्रीच्या जागेचा आकडा लिहा.

तांब्याचं अँटिफाउलिंग (बुडाला शिंपले-शेवाळ धरू न देणारा रंग) मीटरला फसवतं. म्हणून प्रत्येक बाजूला किमान १२ ठिकाणी ७५ × ७५ मिमीचा चौकोन जेलकोटपर्यंत साफ करा. बोट वर आल्यावर किमान दोन-तीन दिवस थांबा. जागा कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवा, मग पॅड पूर्ण टेकवून वाचा. पाणरेषेच्या वरही आकडे चढे येत असतील तर दोष बोटीत नाही, हवेत आहे. त्या दिवशीची मोजणी सोडून द्या. आतली बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) सुकी हवी, कारण मीटर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आतपर्यंत बघतं आणि मागचं पाणी, टाकी, लोखंडी पट्टी सगळं पकडतं. कार्बन फायबर स्वतःच वीज वाहून नेतं, त्यावर हे मीटर कामाचं नाही.

शंका राहिली तर मीटरपेक्षा स्वस्त उपाय आहे. साफ केलेल्या जागेवर ३०० × ३०० मिमीचं पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने पक्कं चिकटवा. तसंच एक खात्रीच्या जागेवर लावा. २४ तासांनी बघा. बुडावरच्या प्लॅस्टिकच्या आत थेंब जमले आणि वरचं कोरडं राहिलं, तर पाणी फायबरमधूनच बाहेर येतंय.

फोड दिसत असतील तर एखादा फोडून बघणं गरजेचं असतं. हे तपासणीच्या नियमात काटेकोरपणे बसत नाही, पण ३ मिमीच्या एका भोकाने बरंच कळतं. गॉगल लावा, आतला द्रव दाबाखाली असतो आणि डोळ्यात उडतो. व्हिनेगरसारखा वास, बोटांना चिकटपणा आणि पीएच कागदावर आम्लाचा रंग, असं तिन्ही आलं तर रेझिनचं पाण्याने विघटन सुरू आहे. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. नुसतं साधं, वास नसलेलं पाणी आलं तर बहुधा बुडबुड्यातून किंवा तड्यातून शिरलेलं आहे. तो आजार वेगळा आणि त्याचा खर्चही वेगळा.

अल्ट्रासॉनिकने जाडी

हे यंत्र आवाजाची लहर आत सोडतं आणि ती पलीकडून परत यायला लागलेल्या वेळावरून जाडी काढतं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रं जहाजाच्या पोलादी पत्र्यासाठी लावलेली असतात. पोलादात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. हाताने घातलेल्या काचफायबरमध्ये, जाडीच्या दिशेने, तो साधारण २,५०० ते ३,००० असतो. वेग न बदलता मोजलं तर ९.३ मिमीचा पत्रा २० मिमीच्या वर दिसतो आणि नाखवा खूश होतो.

वेग ठरवायला त्याच बोटीचा तुकडा हवा. सी-कॉक (बुडातली पाण्याची तोटी) किंवा ट्रान्सड्यूसर (खोली मोजणाऱ्या यंत्राचा बुडातला भाग) बसवताना होल सॉने निघालेली चकती फेकून देऊ नका. तिच्यावर बोटीचं नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवा. व्हर्नियरने तिची जाडी मोजा, समजा ९.४ मिमी भरली, तर यंत्रावर ९.४ दिसेपर्यंत वेग बदला. दोन-तीन चकत्यांवर करून सरासरी घ्या. काचेचं प्रमाण आणि बुडबुडे यांनुसार वेग बदलतो, त्यामुळे १० मिमीत अर्ध्या-एक मिमीच्या फरकावर भांडण काढू नका. त्यातलीच एक चकती प्रयोगशाळेत भट्टीत जाळून काचेचं प्रमाणही काढता येतं. जेलकोट घासून काढलेला २० ग्रॅमचा तुकडा जळाल्यावर ८ ग्रॅम काच उरली, तर प्रमाण ४० टक्के. बोटीला नवं भोक न पाडता मिळालेली ही माहिती आहे.

प्रोब (पत्र्यावर टेकवायचा भाग) १ मेगाहर्ट्झ किंवा ०.५ मेगाहर्ट्झचा हवा. पोलादासाठीचा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब इथे चालत नाही. त्याची लहर अर्ध्या मिमीची असते, रोव्हिंगच्या (जाड विणलेल्या काचकापडाच्या) विणीवर आणि बुडबुड्यांवर ती विखुरते आणि पलीकडून काही परत येत नाही. १ मेगाहर्ट्झला लहर २.७ मिमीची होते, ती पार जाते. मोबदल्यात पृष्ठभागाजवळचे पहिले काही मिमी दिसत नाहीत. ते काम हातोडीने आधीच केलेलं आहे. नुसता आकडा दाखवणाऱ्यापेक्षा पडद्यावर लहर दाखवणारं यंत्र घ्या. आकडा खोटा आहे की खरा ते लहरीवरूनच कळतं.

मधल्या जेलसाठी सोनोग्राफीचं पाण्याचं जेल वापरा. सिलिकॉन ग्रीस एकदा लागलं की त्या जागी रंगही धरत नाही.

मोजण्याआधी अपेक्षित जाडी काढून ठेवा. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (न विणलेल्या काचधाग्यांची चादर) हाताने घातली की साधारण १ मिमी होते, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग पाऊण मिमी. जेलकोट ०.५, मग ३०० आणि ४५० ची मॅट, त्यावर रोव्हिंग-मॅटच्या चार जोड्या असतील तर बेरीज सव्वानऊच्या आसपास येते. आता वाचन असं करा. आकडा ९ वरून हळूहळू ७ वर येतो, तर थर कमी पडलेत किंवा पत्रा घासलाय. ९ वरून एकदम ४ होतो आणि शेजारी पुन्हा ९ येतो, तर ४ मिमी खोलीवर थर सुटलाय. परतीची लहरच येत नाही, तर आत बुडबुडे भरलेत, मागे गाभा (दोन पत्र्यांमधला फोम किंवा हलकं लाकूड) आहे किंवा मागची बाजू फार खडबडीत आहे. तिसऱ्या प्रकारात जागा खराब ठरवू नका. मागची बाजू थोडी घासून पुन्हा मोजा.

शक्य असेल तर एक नमुना तुकडा स्वतः घालून घ्या. त्याच मॅट-रोव्हिंगचा, ४, ८, १२, १६ मिमी पायऱ्यांचा, आणि ८ मिमीच्या पायरीत ४ मिमी खोलीवर २५ मिमी व्यासाची टेफ्लॉनच्या पातळ फिल्मची चकती दडवलेली. टेफ्लॉनला रेझिन चिकटत नाही, म्हणून तो हमखास सुटलेला थर होतो. हातोडी, प्रोब आणि थर्मल कॅमेरा तिन्हींचा सराव यावर होतो, आणि नवीन मुलगा कामावर घेताना परीक्षाही.

बारकोल

बारकोल म्हणजे सुई दाबून कडकपणा मोजणारं यंत्र, हे मुख्यतः नव्या बोटीसाठी. ९३४-१ मॉडेलचं यंत्र रेझिन नीट पिकलंय का ते सांगतं. आधी सोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर जुळवून घ्या. मग यंत्राचा पाय आणि सुई एका पातळीत, काटकोनात दाबा आणि काटा पोचेल तो सर्वांत मोठा आकडा घ्या. एका जागी किमान दहा वाचनं, अगदीच विसंगत सोडून सरासरी. सुई काचेवर पडली की आकडा चढतो, बुडबुड्यावर पडली की कोसळतो, म्हणून एका वाचनाला अर्थ नाही. पॉलिएस्टर रेझिनला साधारण ४० च्या आसपास यायला हवं. रेझिन कंपनीने दिलेल्या आकड्याच्या ९० टक्के, हा जास्त चांगला निकष.

मोजायचं आतून, फायबरवर. बाहेरचा जेलकोट कडक असून आतलं फायबर कच्चं असू शकतं. उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर आकडा कमी येतो, तेव्हा सावलीत मोजा. आठवडाभराने पुन्हा मोजूनही ३० च्या खालीच राहिलं आणि स्टायरीनचा (रेझिनमधल्या उग्र रसायनाचा) वास येत असेल, तर हार्डनर (रेझिन पिकवणारं द्रव्य) कमी पडलाय किंवा दमट हवेत मॅटमध्येच पाणी होतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली मॅट हे मुंबईतलं नेहमीचं कारण.

थर्मल कॅमेरा

सुटलेल्या थरातली हवा उष्णता अडवते, म्हणून ऊन पडताना ती जागा आसपासच्यापेक्षा लवकर तापते. पाणी साचलेली जागा उलट उशिरा तापते आणि सूर्य गेल्यावर उशिरा निवते. सकाळी ऊन लागल्यावर पहिला अर्धा तास एक फेरी, सूर्यास्तानंतर तासाभरात दुसरी. दोन्ही चित्रांत एकाच जागी उलटा रंग आला तर खूण पक्की. कॅमेऱ्यातली एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो तो आकडा) ०.९ च्या वर ठेवा. चकचकीत जेलकोटमध्ये कॅमेरा धरणाऱ्याचंच प्रतिबिंब गरम डाग म्हणून उमटतं, म्हणून तिरकं उभं राहा आणि जागा बदलून बघा. डाग तुमच्याबरोबर सरकला तर तो तुम्हीच आहात. दोष जितका खोल, निदान तितका रुंद असेल तरच दिसतो. फोम किंवा बाल्साचा गाभा असलेल्या डेकवर हा कॅमेरा सर्वांत उपयोगी, भरीव जाड तळावर सर्वांत कमी.

एक्स-रेचा विचार सहसा सोडून द्यावा. पत्र्याला समांतर सुटलेला थर त्यात दिसत नाही, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय ते काम करता येत नाही.

ट्रान्सम

आउटबोर्ड (मागच्या भिंतीवर बाहेर टांगलेलं इंजिन) लावलेल्या बोटीत हा भाग वेगळा बघा. आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरतं. वरून खाली ठोकत या. कुजलेलं प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजतं. सर्वांत खालचा एक बोल्ट काढा. तपकिरी पाणी किंवा भुसा आला तर पुढच्या चाचण्या औपचारिक आहेत. काही आलं नाही तर इंजिनचा पाय थोडा वर करून कुलूपबंद करा, एकाने त्यावर हळूहळू वजन द्यावं आणि दुसऱ्याने ट्रान्समच्या वरच्या कडेला डायल गेज धरून वाकणं टिपावं. गेजचा स्टँड ट्रान्समवर नाही, बाजूच्या गनेलवर (बोटीच्या वरच्या कडेवर) हवा. आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तो वाढला की कळेल. वजन काढल्यावर काटा शून्यावर परत येत नसेल तर यंदाच उघडा.

नोंद

नोंद अशी असावी की दुसरा माणूस तीच जागा डोळे मिटून शोधेल: ‘स्टारबोर्ड (उजवी बाजू), फ्रेम ४–५, कीलपासून ३०० मिमी. ६० × ९० मिमी, थप्. मीटर ५५, खात्रीच्या जागी २०. जाडी ४.१, शेजारी ९.२.’ वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन पद्धती एका जागेवर सहमत झाल्या तर ती उघडायची. एकच पद्धत बोलत असेल तर कड आखून, तारीख घालून पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. इंजिन बेड, शाफ्ट आणि कीलजवळ मात्र एका पद्धतीचा संशयही पुरे. बोट वर्गीकृत, म्हणजे जहाज-वर्गीकरण संस्थेने तपासून नोंदलेली असेल तर उघडण्याआधी नोंद सर्व्हेयरला दाखवा. अशा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या संस्थेचं मुख्यालय पवईतच आहे.

दुरुस्ती झाली की त्या पॅचवर हातोडी आणि बारकोल दोन्ही फिरवा, आणि पॅचची कड २५ मिमीच्या चौकटीने बघा, कारण पॅच मधून क्वचित सुटतो, सुटतो तो कडेने. साफ केलेल्या चौकोनांवर ओलाव्याचे शेवटचे आकडे अँटिफाउलिंग लावण्याच्या आदल्या दिवशी घ्या. नारळी पौर्णिमेच्या घाईत एकदा तांब्याचा रंग चढला की ते मीटर पुढच्या जूनपर्यंत पेटीत.